शब्दचर्चा : सीएमव्ही ‘सुप्त’ असतो म्हणजे नक्की कसा?

तळटीप :
मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या रुग्णांसाठी सायटोमेगॅलोव्हायरस (सीएमव्ही) या विषाणूवरचं माहितीपत्रक मराठीत करायचं आहे. लेटंट, रीॲक्टिव्हेशन, इम्यून कंट्रोल, इम्यून इव्हेजन आणि मेमरी इन्फ्लेशन या पाच शब्दांवर गाडी अडली आहे. पहिल्या तिघांना ‘सुप्त’, ‘पुनःसक्रियण’ आणि ‘प्रतिकारशक्तीचे नियंत्रण’ लिहिलंय, उरलेल्या दोघांना काही सुचत नाही. वाचणारा दहावी-बारावी शिकलेला धरा. ‘महापेशी विषाणू’ वगैरे सुचवू नका, फाइलवर सीएमव्हीच लिहिलेलं असतं.

सूक्ष्मदर्शी :
‘सुप्त’ राहू द्या, फक्त सुप्त कोण ते सांगा. विषाणू सुप्त असतो, प्रतिकारशक्ती नव्हे. भारतात ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या रक्तात याची प्रतिपिंडं (अँटिबॉडी) सापडतात. लागण कधी झाली ते बहुतेकांना कळलेलंही नसतं. त्यानंतर विषाणूचा डीएनए अस्थिमज्जेतल्या रक्त बनवणाऱ्या मूळ पेशींत आणि त्यांच्यापासून होणाऱ्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशींमध्ये राहतो. तिथे तो हिस्टोन प्रथिनांवर गुंडाळलेला असतो, आणि ज्यांच्यापासून विषाणूची पुढची सगळी साखळी सुरू होते ती आयई जनुकं बंद असतात. मोनोसाइट ऊतीत शिरून तिची मॅक्रोफेज किंवा डेन्ड्रायटिक पेशी (दोन्ही प्रतिकारशक्तीच्याच पेशी) झाली की हा बंदोबस्त सैल पडतो, दाह असेल तर जास्तच. थोडक्यात, धडधाकट माणसातही विषाणू अधूनमधून कुठेतरी जागा होतो आणि टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) त्याला जागच्या जागी गाठतात.

अनुस्वार :
मग ‘अव्यक्त’ कसं वाटतं? आणि रीॲक्टिव्हेशनला बोलीतलं ‘उलटणं’ का नको? ताप उलटला, टायफॉइड उलटला, तसा सीएमव्ही उलटला. ‘पुनःसक्रियण’ वाचून कुणाला काय बोध होणार!

सूक्ष्मदर्शी :
‘अव्यक्त’ म्हणजे लक्षणं नसलेला, असं वाचलं जाईल. प्रत्यारोपणानंतर लक्षणं नसताना विषाणू रक्तात जोरात वाढत असू शकतो, आणि नेमकं तेच वेळेत पकडायचं असतं.

‘उलटणं’ कळेल झकास, पण उलटतो तो आजार. इथे आधी आजार झालेलाच नसतो. शिवाय पीसीआरमध्ये (रक्तातला विषाणूचा डीएनए मोजणाऱ्या तपासणीत) विषाणू सापडणं वेगळं आणि ताप, पांढऱ्या पेशी व प्लेटलेट घटणं, जुलाब, यकृताला सूज असा सीएमव्हीचा आजार होणं वेगळं. ‘संसर्ग’ हा एकच शब्द दोन्हीकडे वापरला तर रुग्ण एक तर विनाकारण घाबरतो, नाही तर दुर्लक्ष करतो. पत्रकात ‘रक्तात विषाणू सापडणे’ आणि ‘सीएमव्हीचा आजार’ असे दोन वेगळे शब्दप्रयोग शेवटपर्यंत पाळा.

पंक्तिपावन :
‘पुनः’ मध्येच एक अडचण आहे. ज्याला सर्वाधिक धोका, त्याच्या बाबतीत ‘पुन्हा’ काही नसतंच. दाता आयजीजी (जुन्या लागणीची प्रतिपिंडं) पॉझिटिव्ह आणि घेणारा निगेटिव्ह असला, तर विषाणू नव्या मूत्रपिंडाबरोबर प्रथमच अंगात येतो आणि त्याला ओळखणारी एकही स्मृतिपेशी (आधीची लागण लक्षात ठेवणारी टी-पेशी) तिथे नसते. अस्थिमज्जा प्रत्यारोपणात हेच गणित उलटं होतं. घेणारा पॉझिटिव्ह आणि दाता निगेटिव्ह ही जोडी तिथे वाईट, कारण विषाणू जुना आणि येणारी प्रतिकारशक्ती मात्र कोरी. म्हणून ‘विषाणू वाढू लागणे’ लिहा, दोन्हीकडे चालतं.

तळटीप :
हे घेतलं. ‘नियंत्रण’ मात्र फारच सरकारी वाटतंय.

पंक्तिपावन :
‘वचक’. ‘निर्मूलन’ कुठेही येऊ देऊ नका, ते या विषाणूचं होत नाही. वचक एकट्यादुकट्याचा नसतो, हेही सांगता येईल. उंदरांच्या सीएमव्हीवरच्या प्रयोगांत सुप्त अवस्थेत सीडी८ टी-पेशी (लागण झालेल्या पेशींना मारणाऱ्या) काढून टाकल्या तरी सीडी४ (इतरांना मदत करणाऱ्या टी-पेशी) आणि नैसर्गिक मारक पेशी बाजू सांभाळतात. एकेक थर काढत गेलं तसा विषाणू मोकळा सुटतो. प्रतिपिंडं त्याला जागं होण्यापासून अडवत नाहीत, जागा झालेला पसरू देत नाहीत. माणसांतही धडा तोच. सिएटलमध्ये १९९०च्या दशकात दात्याच्या सीएमव्हीविरोधी सीडी८ पेशी वाढवून अस्थिमज्जेच्या रुग्णांना दिल्या, तेव्हा ज्यांच्याकडे सीडी४ची साथ नव्हती त्यांच्यात त्या पेशी हळूहळू ओसरल्या. एचआयव्हीत सीडी४ पेशी रक्ताच्या प्रति मायक्रोलिटर ५०च्या खाली गेल्यावर डोळ्याच्या पडद्यावर सीएमव्ही उतरतो, तेही याच कारणाने. प्रत्यारोपणात एटीजी (टी-पेशींविरुद्धच्या प्रतिपिंडांचं औषध) दिलं की टी-पेशी सरसकट खाली जातात, त्यामुळे त्या काळात तपासणी अधिक काटेकोर हवी.

सूक्ष्मदर्शी :
इव्हेजनला ‘चकवा’ घ्या, ‘प्रतिकारशक्तीला चकवणे’. पेशी आतल्या प्रथिनांचे तुकडे एचएलए रेणूंवर ठेवून बाहेर दाखवते, ते पाहून सीडी८ पेशी तिला मारते. सीएमव्ही हे दाखवणंच बंद पाडतो. यूएस३ (ही आणि पुढची नावं विषाणूच्या प्रथिनांची) एचएलए रेणूंना आतच अडवून ठेवतो. यूएस२ आणि यूएस११ त्यांना ओढून बाहेर काढतात आणि पेशीच्या मोडीत घालतात. यूएस६ तुकडे आत नेणारा पंपच बंद करतो. एका कामाला चार जण! बरं, एचएलए दिसला नाही की नैसर्गिक मारक पेशी चवताळते, म्हणून यूएल४० एचएलए-ई पुरता पृष्ठभागावर टिकवून तिलाही शांत करतो. त्यावर शरीराचा तोडगा असा की, एनकेजी२सी हा ग्राही असलेल्या, एचएलए-ई ओळखून उलट चवताळणाऱ्या मारक पेशींची संख्या वाढते. पत्रकात यातलं एक वाक्य पुरे. रुग्णाला यूएस११शी काय करायचंय?

अनुस्वार :
मेमरी इन्फ्लेशनला ‘स्मृतिवाढ’? चलनवाढीच्या धर्तीवर.

पंक्तिपावन :
‘स्मृतिवाढ’ वाचून लोक परीक्षेच्या दिवसांतलं टॉनिक समजतील. 😄 बाकी विषाणू गेले की त्यांच्या स्मृतिपेशी घटून एका पातळीवर स्थिरावतात. सीएमव्ही सारखा डोकावतो, त्यामुळे इथे विषाणूच्या काही प्रतिजनांविरुद्धच्या (टी-पेशी ओळखतात त्या तुकड्यांविरुद्धच्या) सीडी८ पेशी वर्षानुवर्षं वाढत किंवा चढत्या पातळीवर राहतात. २००५च्या एका मोजणीत लागण झालेल्या प्रौढांच्या रक्तातल्या सीडी४ आणि सीडी८ स्मृतिपेशींपैकी सरासरी सुमारे १० टक्के एकट्या सीएमव्हीसाठी निघाल्या. या पेशी थकलेल्याही नसतात, काम चोख करतात. ‘स्मृतिपेशींची वाढती कुमक’ लिहा, किंवा सरळ गाळा.

सूक्ष्मदर्शी :
गाळा. त्या जागेत रिपोर्ट कसे वाचायचे ते घाला. आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे जुनी लागण, चालू आजार नव्हे. आयजीएमवर (नव्या लागणीत आधी येणाऱ्या प्रतिपिंडांवर) भिस्त ठेवायची नाही, ते महिनोन्‌महिने रेंगाळतं. पीसीआर दर वेळी एकाच लॅबमध्ये आणि एकाच नमुन्यावर करायचा, प्लाझ्मा तर प्लाझ्मा. आज प्लाझ्मा आणि पुढच्या आठवड्यात पूर्ण रक्त, असं केलं तर आकडे जुळत नाहीत. पीसीआरचे आकडे १,००० वरून २,००० झाले म्हणून धाबं दणाणायला नको, साधारण तिपटीचा फरक पडला तरच तो खरा धरतात.

तळटीप :
सुधारित मजकूर असा :

‘सीएमव्ही एकदा शरीरात आला की कायम राहतो. एरवी प्रतिकारशक्तीच्या वचकामुळे तो सुप्त असतो. प्रत्यारोपणानंतरच्या औषधांनी हा वचक कमी होतो आणि विषाणू वाढू लागतो. व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरच्या गोळ्यांनी विषाणू मरतो. प्रतिबंधासाठी ९०० मिलिग्रॅम दिवसातून एकदा, उपचारासाठी दोनदा.’

सूक्ष्मदर्शी :
‘मरतो’ काढा, ‘वाढ थांबते’ लिहा. हे औषध विषाणूचा नवा डीएनए बनू देत नाही. सुप्त विषाणू डीएनए बनवतच नाही, त्यामुळे त्याला ते लागू पडत नाही. दाता पॉझिटिव्ह आणि घेणारा निगेटिव्ह असलेल्यांना मूत्रपिंडानंतर साधारण सहा महिने गोळ्या देतात, आणि त्या बंद झाल्यावर काही जणांत आजार उशिरा उगवतो तो यामुळेच. डोसचे आकडेही उघडे ठेवू नका. ते मूत्रपिंड नीट चालत असतानाचे आहेत, क्रिएटिनिन वाढलं (म्हणजे मूत्रपिंड मंदावलं) की डोस कमी करावा लागतो. जास्त गेला तर पांढऱ्या पेशी पडतात. कमी गेला तर विषाणूच्या यूएल९७ जनुकात बदल होऊन विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. ‘डोस डॉक्टर ठरवतील, पांढऱ्या पेशी कमी आल्या तरी गोळी मनाने अर्धी करू नका’ एवढं ठळक अक्षरात हवं.