मदत हवी आहे : अर्धा भरलेला दुधाचा टँकर उतारावर कसा सांभाळायचा?

नमस्कार मंडळी, टँकर चालवणाऱ्या जाणत्या दादांकडून सल्ला हवा आहे.

माझा धाकटा भाऊ कोल्हापूरहून नवी मुंबईला दुधाचा टँकर नेतो. टाकी 20,000 लिटरची, दोन कप्प्यांची. कप्प्यांमध्ये आत लाटा अडवणारे पडदे नाहीत, धुवायला सोपं जावं म्हणून भिंती सरळसोट गुळगुळीत. पूर्ण भरला तर गाडी शांत चालते. पण सध्या संकलन कमी आहे, त्यामुळे 10,000 लिटरच मिळतं, म्हणजे 10 टनांहून थोडं जास्तच. ते दोन्ही कप्प्यांत निम्मं निम्मं भरतात. ब्रेक मारला की दूध आधी पुढे आदळतं, मग मागे जातं, आणि गाडी थांबल्यावरही केबिनला धक्का बसतो. वळणावर तर सगळं वजन एका अंगाला जातं.

कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उताराची मला सर्वात जास्त धास्ती वाटते. तिथे तो न्यूट्रल कधीच करत नाही, बोगद्यातच खालचा गिअर टाकतो, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडीचा वेग कमी करणारा ब्रेक) लावतो. तरी समोर कुणी कार आडवी घातली तर काय?

एक कप्पा काठोकाठ भरून दुसरा रिकामा ठेवला तर डचमळणं कमी होईल, पण मग एक्सलवरचा भार बिघडेल ना? तसं करायचं तर पुढचा भरावा की मागचा? आणि बोरघाट उतरताना तुम्ही कोणता गिअर, किती वेग ठेवता?