पहिली एपीआय उभी केली तेव्हा... (अनुभव धागा)

बावडेकर
कालपासून घरच्या ग्रुपवर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाण्याची पातळी तासातासाला येतेय आणि मला माझी पहिली एपीआय (पत्त्यावर मागितली की माहिती देणारी प्रोग्रॅमची सोय) आठवली. २०१९ चा महापूर ओसरल्यावर केलेली. पुण्या-मुंबईचे पाहुणे सारखे फोन करून "पाणी किती?" विचारायचे. म्हटलं, एक पत्ता द्यावा, उघडला की पातळी दिसली पाहिजे.

फ्लास्क घेतलं, पायथॉन भाषेत वेब ॲप करायचं साधन. एक फाइल, एक राउट (म्हणजे पत्ता), एक फंक्शन. १.१ आवृत्ती त्याच जुलैत आलेली, त्यामुळे फंक्शनमधून डिक्शनरी (नाव आणि किंमत अशा जोड्या) परत केली की जेसन, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमला वाचता येणारा मजकूर, आपोआप व्हायचं. कोडला वेळ लागला नाही, खरा विचार आकड्याचा. ३९ फूट ६ इंच हे ३९.६ असं पाठवलं तर समोरचा प्रोग्रॅम ते सात इंचांच्या पुढं धरणार. पुराच्या दिवसांत एक इंचसुद्धा इकडंतिकडं नको. म्हणून आत सगळं इंचांत, पूर्णांक. इशारा ४६८, धोका ५१६. बाहेर देताना फूट वेगळे, इंच वेगळे.

ब्राउझरमध्ये महिरपी कंसातला तेवढासा मजकूर उमटला, तेव्हा आईला स्वयंपाकघरातून बोलावून दाखवला. तुमची पहिली कुठली? लिहा बिनधास्त.

उद्यमनगर
लई भारी भावा. आमची पण फ्लास्कच. शिफ्टला किती नग निघाले, किती रिजेक्ट, ते पोरांनी मशीनजवळनंच फोनवर टाकायचं. लॅपटॉपवर चालतंय आणि फोनवर नाही असं कुणाचं होत असेल तर, फ्लास्क मुळात १२७.०.०.१ वर ऐकतं, म्हणजे त्याच मशीनपुरतं. होस्ट ०.०.०.० द्या, म्हणजे बाहेरच्या मशीनचंही ऐकेल, फोनवर लॅपटॉपचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) आणि पुढं ५००० पोर्ट टाका. वायफायवरचे सगळे फोन आत.

कागलची सून
कुकर लावलाय, पटकन लिहिते. गावच्या दूध संस्थेसाठी केली होती, फास्टएपीआयवर, तेही पायथॉनचंच साधन. त्याचं डॉक्सचं, म्हणजे एपीआय कशी वापरायची ते दाखवणारं, पान आपण काही न लिहिता तयार मिळतं, तेच सचिवकाकांसमोर उघडून ठेवलं. काकांनी स्वतः 'ट्राय इट आउट' दाबलं, सभासद नंबर टाकला, म्हैस, फॅट ६.५, एक्झिक्यूट. खाली उत्तर आलं. मग फॅटच्या रकान्यात मुद्दाम 'बरं हाय' असं लिहिलं! लगेच ४२२, म्हणजे चुकीच्या माहितीचा एरर, आणि कुठल्या रकान्यात काय बिघडलंय तेही लिहून आलं. काका म्हणाले, "ह्ये आमच्या क्लार्कपेक्षा कडक हाय की." त्या दिवसापासून संस्थेत सगळे मला मास्तरीण म्हणतात. शिट्टी झाली, येते.

चिखलीची लेक
तुमचं एपीआय वगैरे कळत नाही, पातळी लिहिलेली दिसली म्हणून आले. आमची जनावरं सोनतळीला हलवलीत. बाबा अजून घरातच आहेत, निघायला तयार नाहीत.

बावडेकर
ताई, त्यांना आज उजेडातच बाहेर काढा. वैरण आहे का?

चिखलीची लेक
दोन दिवसांची आहे.

उद्यमनगर
ताई, मेसेज केलाय बघा. आमचा टेम्पो रिकामा हाय.

राजारामपुरी
माझी जँगोवर, पायथॉनचंच मोठं साधन. मित्राने स्क्रीन केली, मी एपीआय. टर्मिनलमधून कर्ल या कमांडने मागितलं की डेटा येतो, त्याच्या पानावर मात्र लाल अक्षरं. सीओआरएस, म्हणजे दुसऱ्या ओरिजिनच्या पानाला परवानगी द्यायची पद्धत! सर्व्हर उत्तर देत असतो. पान एका ओरिजिनवरचं (प्रोटोकॉल, डोमेन आणि पोर्ट मिळून) आणि एपीआय दुसऱ्या, म्हणून ब्राउझर ते उत्तर पानाच्या हाती देत नाही. नुसता पोर्ट वेगळा असला तरी ओरिजिन वेगळं. त्या पानाच्या ओरिजिनला परवानगी देणारा हेडर (उत्तरासोबत जाणारी सूचना) सर्व्हरनेच पाठवायचा. इंटरनेटवर सगळे तारा (*), म्हणजे सगळ्यांना परवानगी, टाकून मोकळे व्हा म्हणतात. माझं ठाम मत, जिथं लॉगिन आहे तिथं नेमका पत्ताच लिहावा.

गुळाची ढेप
शाहूपुरीत एका व्यापाऱ्याला गुळाच्या दराची करून दिली, क्विंटलमागं किमान, कमाल, सरासरी. अजून पैसे आले नाहीत. पण रोज तीच वापरतोय.

उद्यमनगर
आयला! दोस्ता, आधी निम्मे घ्यायचे.

गुळाची ढेप
आता घेतो की.

पन्हाळा रोड
पोरीची बारावी झालीय, पायथॉन येतं थोडंफार. कशानं सुरू करू दे?

कागलची सून
दादा, फ्लास्क. रिक्वेस्ट कुठून येते, उत्तर कुठून जातं हे उघड दिसतं. नंतर फास्टएपीआय. जँगो २००५ पासूनचं, भक्कम, ॲडमिन (डेटा सांभाळायचं पान) तयार मिळतं, पण पहिल्याच आठवड्यात फार फाइली समोर येतात. आणि तिला घरातलंच काहीतरी करायला सांगा. कुणीतरी रोज उघडून बघेल असं.

पन्हाळा रोड
आमच्याकडे गाडीचा धंदा आहे, डिझेलची वही ठेवतो.

कागलची सून
मग तीच घ्या! तारीख, लिटर, किलोमीटर. लिटरला दशांश लागेल, किलोमीटर पूर्णांक. डेटाबेस एसक्यूलाइट, पायथॉनबरोबरच येतो.

चिखलीची लेक
बाबा टेम्पोत बसले. उद्यमनगरवाले दादा, गाडी आंबेवाडीपर्यंत आलीय.