मदत हवी: कुटुंब आणि सभासद, फॉरेन की कुठल्या टेबलात?

नमस्कार मंडळी, बडोद्याहून लिहितोय. दांडिया बाजारात आमच्या मंडळाचं छोटं मराठी वाचनालय आहे, सगळं एक्सेलमधे होतं ते आता एसक्यूलाइटमधे (एका फाइलीत मावणारा छोटा डेटाबेस) न्यायचं काम माझ्या गळ्यात पडलंय (पन्नाशीच्या आतला असलं की कॉम्प्युटरचं काम तुमचंच).

पुस्तक-लेखक मेनी टू मेनी आहे (एका पुस्तकाला अनेक लेखक, एका लेखकाची अनेक पुस्तकं), मधे एक टेबल घालून त्यातच 'भूमिका' कॉलम ठेवला, म्हणजे अनुवादक, संपादक पण बसतात. देवघेवीच्या टेबलला सभासद + प्रत अशी प्रायमरी की (ओळीची ओळख, जी दोनदा येऊ शकत नाही) देणार होतो, पण एक आजी तेच पुस्तक दर पावसाळ्यात नेतात, दुसऱ्यांदा एंट्रीच होणार नाही, म्हणून वेगळा आयडी दिला. इथवर ठीक.

अडलंय ते कुटुंबावर. वर्गणी घरटी, पुस्तकं माणशी. म्हणून सभासद टेबलात कुटुंब_आयडी ही फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारा कॉलम). पण पावती कुटुंबप्रमुखाच्या नावाने फाडतात, म्हणून कुटुंब टेबलात प्रमुख_आयडी, आणि तो परत सभासदाकडेच जातो. दोन्ही नॉट नल (रिकामे ठेवता येत नाहीत), मग नवीन घर टाकायचं कसं? आधी कुटुंब टाकावं तर प्रमुख नाही, आधी प्रमुख टाकावा तर कुटुंब नाही. की सभासदातच 'प्रमुख' हो/नाही ठेवू? पण मग एका घरात दोन प्रमुख होणार नाहीत हे कोण बघणार (आमच्या काही घरांत ते तसंही ठरलेलं नाही).

विश्वामित्री_काठ:
हो/नाही वालंच घ्या. कुटुंब_आयडी वर युनिक इंडेक्स (तीच किंमत दुसऱ्यांदा येऊ न देणारा), पण फक्त प्रमुख = १ असलेल्या ओळींपुरता. याला पार्शल इंडेक्स म्हणतात, एसक्यूलाइटमधे ३.८.० पासून आहे. दुसरा प्रमुख आपोआप अडतो. बदलताना आधी जुन्याचा ० करा, मग नव्याचा १, एकाच ट्रान्झॅक्शनमधे (दोन्ही बदल होतील, नाहीतर एकही नाही). प्रमुखच नसलेलं घर मात्र तो अडवणार नाही, ते फॉर्ममधे बघा.
तुमच्या डिझाइनमधे अजून एक भोक आहे, शेजारच्या घरातला माणूस यांच्याकडे प्रमुख होऊ शकतो आणि डेटाबेस चूं करणार नाही! तरी फेरा ठेवायचाच असेल तर फॉरेन की डिफरेबल इनिशियली डिफर्ड करा आणि आयडी आधी ठरवून द्या, तपासणी लगेच न होता कमिटच्या वेळी, म्हणजे ट्रान्झॅक्शन पक्कं करताना होते.
आणि हो, एसक्यूलाइटमधे फॉरेन की सहसा बंदच असते, दर कनेक्शनला प्राग्मा (एसक्यूलाइटची सेटिंगची आज्ञा) फॉरेन_कीज ऑन करावं लागतं.

सेवउसळ (धागा माझाच):
शेजारच्या घरातला माणूस, हे लक्षातच आलं नव्हतं, हो/नाही करतो. पण ऑन केल्यावर एक्सेलमधून आलेल्या जुन्या ओळी तो तपासेल का?

विश्वामित्री_काठ:
नाही हो, ऑन केल्यानंतरचे बदल तेवढे तपासतो. जुन्यासाठी प्राग्मा फॉरेन_की_चेक चालवा, ज्यांचा मूळ आयडी सापडत नाही त्या ओळींची यादी मिळेल.