कॉलममधून जे बाहेर आलं, त्यावरून कॉम्प्लेक्सची स्थिरता ठरवायची का?

रबाळेकर
गेल्या आठवड्यात झिंक-ईडीटीए खताचं सँपल आलं (ईडीटीए हा झिंकला धरून ठेवणारा रेणू, दोघांची जोडी म्हणजे कॉम्प्लेक्स). नियमाप्रमाणे त्यात किमान 12 टक्के झिंक लागतं, तेवढं होतं. पण पार्टीला रिपोर्टमध्ये 'कॉम्प्लेक्स स्थिर आहे' ही ओळ हवी होती. म्हणून एलसी-एमएसवर (पॅकिंग भरलेल्या नळीतून, म्हणजे कॉलममधून, रेणू वेगळे करून त्यांचं वजन मोजणारं मशीन) टाकलं, मोबाईल फेजमध्ये, म्हणजे कॉलममधून वाहणाऱ्या द्रावणात, नेहमीचं 0.1 टक्का फॉर्मिक ॲसिड. निगेटिव्ह मोडला (ऋणभाराचे आयन मोजताना) 353, 355, 357 या वजनांवर झिंकच्या आयसोटोप्सची उतरती पायरी दिसायला हवी होती. ती जेमतेम दिसली. उलट 344 वर ठणठणीत पीक. लोखंड-ईडीटीए! सँपलमध्ये लोखंड नावालाही नव्हतं. ते आमच्याच स्टीलच्या नळ्यांमधून आलेलं.

साहेब म्हणाले, "अस्थिर लिहून टाक." मी लिहिलं नाही. आपण मोजली ती आपल्या मशीनची खोड, खताची स्थिरता नव्हे. झिंक-ईडीटीएचा लॉग के (पकडीचा आकडा, जितका मोठा तितकी पकड घट्ट) 16.5, लोखंडाचा (फेरिक) 25.1. पीएच 2.7 च्या आसपास ईडीटीएला प्रोटॉन चिकटतात, झिंकची पकड ढिली पडते, लोखंडाची टिकते. माझं म्हणणं: स्थिरता पोटेन्शिओमेट्रीनेच (द्रावणात इलेक्ट्रोड बुडवून) मोजावी. कॉलम फक्त ओळख पटवायला.

ऐरोलीची_काकू
एवढा आकडा पाठ आहे तर फॉर्मिक टाकलंच कशाला? पद्धतीला शिव्या देण्याआधी बफर बदला.

खारघर_कट्टा
रबाळेकर, साफ असहमत. पोटेन्शिओमेट्री मिलीमोलर द्रावणात, बीकरमध्ये छान चालते. रक्तातल्या नॅनोमोलर गॅडोलिनियमला (एमआरआयच्या कॉन्ट्रास्ट इंजेक्शनातला धातू) इलेक्ट्रोड लावून दाखवा.

एमआरआयच्या कॉन्ट्रास्टचं बघा. गॅडोपेंटेटेट सरळ साखळीचं (म्हणजे धातू धरणारा रेणू तसा), लॉग के साधारण 22.5. गॅडोब्यूट्रॉल वलयाचं, साधारण 21.8. कागदावर पहिलं भारी. पण मानवी सीरममध्ये 37 अंशांना 15 दिवस ठेवून एचपीएलसी-आयसीपी-एमएसवर (कॉलमनंतर प्लाझ्मात जाळून धातू मोजणारं मशीन) मोजलं, तेव्हा पहिल्यातून गॅडोलिनियम थोडं सुटलेलं सापडलं आणि दुसऱ्यातून मोजण्याइतकंही नाही. युरोपच्या औषध नियामकांनी 2017 मध्ये लिव्हरचे अपवाद सोडून सरळ साखळीवाली बरीचशी बंद केली. तुमच्या लाडक्या आकड्यावर विसंबून बसले असते तर कळलं असतं का?

रबाळेकर
ते मान्य. पण तुम्ही सांगताय ते सुटायला लागणाऱ्या वेळेबद्दल. त्याला स्थिरता म्हणू नका, जडता म्हणा. वलयातून धातू बाहेर पडायला वाट सापडत नाही, म्हणून तो अडकून राहतो. दोन्ही गोष्टींना एकच शब्द वापरला की साहेबांसारखे लोक हवा तो अर्थ काढतात.

खारघर_कट्टा
शब्द बदला हवं तर. पेशंटच्या शरीराला लॉग के माहीत नसतो.

जुना_ॲनालिस्ट_ठाणे
दोघांनाही कॉलममध्ये काय घडतं ते दिसत नाहीये. बाटलीत झिंक सुटलं तर शेजारीच असलेलं ईडीटीए त्याला परत पकडतं. कॉलमवर सुटलेलं ईडीटीए पुढे निघून जातं, झिंक मागे पॅकिंगला चिकटून राहतं. पकडायला कोणी उरतच नाही! वर पातळ होणं आहेच: आम्लात झिंक-ईडीटीए मिलीमोलरला बहुतेक टिकतं, मायक्रोमोलरला बहुतेक फुटतं. आणि आयसीपीचा प्लाझ्मा सगळ्याच रेणूंची राख करतो, त्याला फक्त धातू दिसतो. म्हणून कॉलम लावून आणि कॉलम काढून, दोन्ही इंजेक्शनं द्यायची. धातू कमी आला तर तो कॉलमने गिळला. रबाळेकर, हे केलंत का?

रबाळेकर
नाही केलं. इथे गप्प.

तुर्भेचा_व्यापारी
मी खतं विकतो. गिऱ्हाईक विचारतं, चुनखडीच्या जमिनीत टिकेल का? लोखंड-ईडीटीए तिथे कॅल्शियमपुढे हरतं, म्हणून ईडीडीएचए (लोखंडाला जास्त घट्ट धरणारा रेणू) महाग असूनही लोक घेतात. तुमच्या कॉलममध्ये चुनखडी आहे का?

रबाळेकर
नाही, आणि हाच माझा मुद्दा होता. शनिवारी अमोनियम ॲसिटेट, पीएच 6.8, आणि पीकच्या नळ्या (शेतातलं पीक नव्हे, ग्राफवरचंही नव्हे, प्लास्टिकचं) लावून परत करतो. एक सँपल कॅल्शियम घालून, कॉलमशिवायही. साहेबांना सांगितलंय, तोवर ती ओळ कोरी.

ऐरोलीची_काकू
जुनी लाइन आधी ईडीटीएनेच धुऊन घ्या. नाहीतर शनिवारीही 344 च दिसेल.