मॅग्ना कार्टा: रयतेचा हक्क की सरदारांचा सौदा?

दप्तरदार (धागाकर्ता)

मॅग्ना कार्टाचं, म्हणजे इंग्लंडच्या जॉन राजाने सरदारांना दिलेल्या सनदेचं, नाव निघालं की दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणजे १५ जून १२१५ रोजी टेम्सकाठी रनिमीडच्या कुरणात लोकशाही जन्माला आली. दुसरा असा की तो काही गब्बर सरदारांनी अडचणीत सापडलेल्या राजाकडून लिहून घेतलेला कागद होता, सामान्य माणसाचा त्याच्याशी काय संबंध? मला दोन्ही पटत नाहीत. माझं म्हणणं मांडतो, जमलं तर खोडून काढा.

आधी थोडी पार्श्वभूमी. जॉन राजाने १२०४ मध्ये नॉर्मंडी गमावली आणि पुढची दहा वर्षं ती परत मिळवण्यासाठी पैसा गोळा केला. जहागीर वारसाहक्काने हवी, तर राजाला नजराणा द्या. किती? राजा म्हणेल तितका. सरदाराच्या विधवेला पुन्हा लग्न करायचं नसेल तर त्याचेही पैसे. जेफ्री द मँडेव्हिलला १२१४ मध्ये ग्लॉस्टरच्या इझाबेलाशी लग्न करण्यासाठी २०,००० मार्क कबूल करावे लागले. ही रक्कम फिटण्यासारखी नव्हतीच, माणूस कायमचा मुठीत राहावा यासाठीच ती असायची. मर्जीतून उतरलेल्या विल्यम द ब्रोझची बायको आणि मुलगा १२१० मध्ये राजाच्या कैदेत उपाशी मेले. आणि एवढा पैसा ओतून १२१४ ला फ्रान्सच्या राजाविरुद्ध बूव्हिनच्या लढाईत राजाच्या पक्षाचा पराभव झाला. पुढच्या वर्षी सरदार उठले, लंडनचे दरवाजे त्यांना उघडे मिळाले, आणि जॉनला रनिमीडला यावं लागलं.

सनदेतलं कलम ३९ सगळ्यांना माहीत असतं: कोणाही स्वतंत्र माणसाला, त्याच्या बरोबरीच्यांनी केलेल्या कायदेशीर निवाड्याशिवाय किंवा देशाच्या कायद्याशिवाय, पकडता, कैदेत टाकता, जमिनीवरून हुसकता वा देशोधडीला लावता येणार नाही. कलम ४० त्याहून छोटं: न्याय आम्ही कोणाला विकणार नाही, नाकारणार नाही, लांबवणार नाही. (कलमांचे आकडे नंतरच्या अभ्यासकांनी घातले, मूळ मजकूर सलग आहे.)

पण ही १२१५ ची सनद टिकली किती? जेमतेम दहा आठवडे. २४ ऑगस्टला पोप तिसऱ्या इनोसंटने ती रद्दबातल ठरवली, यादवी सुरू झाली, १२१६ च्या ऑक्टोबरात जॉन वारला. गादीवर नऊ वर्षांचा हेन्री आला. आता गंमत बघा, बंडखोरांना वळवण्यासाठी राजाच्याच बाजूने, कारभारी विल्यम मार्शलने, १२१६ च्या नोव्हेंबरात ती सनद पुन्हा काढली. मग १२१७ ला पुन्हा. १२२५ ला पुन्हा, आणि या वेळी उघड देवाणघेवाण झाली. राजाने सनद दिली, बदल्यात लोकांनी जंगम मालमत्तेचा पंधरावा हिस्सा कर म्हणून दिला. तिथून वहिवाटच पडली. राजाला पैसा लागला की समोरचे म्हणणार, आधी सनद वाचा, शिक्का मारा, मग बोलू. १२५३ ला वेस्टमिन्स्टरच्या दालनात बिशपांनी हातात पेटत्या मेणबत्त्या घेऊन सनद मोडणाऱ्याला बहिष्कृत केलं आणि मेणबत्त्या जमिनीवर फेकून विझवल्या. हेन्री राजा तिथे हजर होता, कारण त्याला कर हवा होता. १२९७ ला पहिला एडवर्ड फ्लँडर्सच्या मोहिमेत अडकला, तेव्हा त्यानेही मान्यता दिली आणि देशाच्या संमतीशिवाय तसे कर घेणार नाही असं कबूल केलं.

माझा मुद्दा एवढाच. राजाचा हात बांधला तो या ऐंशी वर्षांच्या घासाघिशीने. हक्क एकदा लिहून मिळाले असते तर ते १२१५ च्या ऑगस्टातच मेले असते.

माळरान

मांडणी चांगली आहे, निष्कर्ष साफ अमान्य.

तुम्ही 'लोकांनी' कर दिला असं सहज लिहून गेलात. कोणत्या लोकांनी? त्या काळच्या इंग्लंडात शेतकऱ्यांचा फार मोठा भाग भूदास होता. जमीनदाराच्या परवानगीशिवाय गाव सोडता येत नाही, मुलीचं लग्न लावायचं तर मालकाला पैसे मोजा, आणि जमिनीचा तंटा राजाच्या कोर्टात नेता येत नाही. तुमचं कलम ३९ 'स्वतंत्र माणसा'साठी आहे, म्हणजे हे सगळे दाराबाहेर.

कोणी म्हणेल, कलम २० मध्ये भूदासाचा उल्लेख आहे, त्याला दंड करताना त्याची औत-अवजारं सोडावीत असं लिहिलंय. बरोबर. पण १२१७ च्या आवृत्तीत त्यात काय घुसवलं ते वाचा: भूदास 'आमचा स्वतःचा सोडून दुसऱ्याचा' असेल तर. म्हणजे राजाने आपल्या जमिनीवरच्या भूदासाला हवा तसा दंड करावा, सरदाराच्या भूदासाचं औत मात्र उचलू नये. यात दया कुणाची झाली? सरदाराची मालमत्ता राखली गेली, बस. कलम ५४ बघा, खुनाबद्दल बाईने फिर्याद केली तर नवऱ्याच्या खुनाखेरीज कोणाला अटक करायची नाही. मुलगा मारला गेला तर आईची फिर्याद चालणार नाही.

आणि ज्यांच्यात खरा दात होता ती कलमं कुठे गेली? कलम ६१ मध्ये २५ सरदारांचं मंडळ होतं. राजाने चाळीस दिवसांत चूक सुधारली नाही तर त्यांनी त्याचे किल्ले आणि जमिनी ताब्यात घ्याव्यात. कलम १२ मध्ये संमतीशिवाय कर नाही असं होतं. १२१६ ला दोन्ही गाळली. वाघाचे दात काढून तो पुन्हा पुन्हा मिरवणुकीत फिरवला, त्यालाच तुम्ही यश म्हणताय.

दप्तरदार

@माळरान, कलम १२ कागदावरून गेलं पण व्यवहारात राहिलं, हेच तर मी म्हणतोय. १२२५ ला संमती घेऊनच कर घेतला ना? आणि १२९७ ला तीच गोष्ट पुन्हा लेखी आली. ६१ बद्दल मला अजिबात हळहळ नाही. ते यादवीला लिहून दिलेलं निमंत्रण होतं. पंचवीस जणांनी राजाचे किल्ले घ्यायचे आणि पंचवीस जण चुकले तर त्यांना कोण अडवणार?

भूदासांबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे, १२१७ चा तो बदल खरोखर ओंगळ आहे. पण कलम ६० ही वाचा. राजाने आपल्या माणसांना ज्या सवलती दिल्या, त्याच सगळ्यांनी आपापल्या हाताखालच्या माणसांना द्याव्यात. हे वाक्य सरदारांच्या गैरसोयीचं होतं, तरी ते आहे.

रानपाखरू

दोघेही एकाच कागदावर भांडताय. १२१७ ला त्याच्याबरोबर दुसरी सनद निघाली, वनांची. 'मॅग्ना कार्टा' म्हणजे मोठी सनद हे नाव पडलं तेच या धाकटीपासून वेगळी ओळखू यावी म्हणून. आणि रयतेच्या पोटाशी जिचा संबंध होता ती ही धाकटी.

राजाचं 'वन' म्हणजे नुसती झाडी नव्हे. गावं, शेतं, माळ सगळं त्यात यायचं आणि तिथे वेगळाच कायदा चालायचा. हरीण मारलं तर डोळे काढण्यापर्यंत किंवा जिवापर्यंत शिक्षा जाऊ शकत असे. कुत्रा पाळायचा तर त्याची पुढच्या पायाची नखं छाटलेली हवीत, म्हणजे तो शिकारीमागे धावणार नाही. वनसनदेने सांगितलं की इथून पुढे हरणापायी कोणाचा जीव वा अवयव जाणार नाही. जबर दंड, तो भरता आला नाही तर वर्ष आणि एक दिवस कैद. स्वतंत्र माणसाला वनातल्या आपल्या झाडीत डुकरं चारायला, मध गोळा करायला, स्वतःच्या जमिनीवर गिरणी किंवा तळं करायला मोकळीक मिळाली. आधीच्या राजांनी वनात ओढलेल्या जमिनी बाहेर काढायचं ठरलं.

गुरं, सरपण, मध. राजकीय विचाराच्या पुस्तकांत हे येत नाही, पण माणसाचा हिवाळा निघायचा तो यावर. ही सनद १९७१ पर्यंत इंग्लंडच्या कायद्यात होती.

माळरान

@रानपाखरू, वनसनदेबद्दल मनापासून सहमत. फक्त तिथेही 'स्वतंत्र माणूस' आहेच.

कृष्णाकाठ

घासाघिशीच्या मुद्द्यावर एक तुलना सुचवतो. हंगेरीत दुसऱ्या अँड्र्यू राजाने १२२२ मध्ये सुवर्णमुद्रांकित सनद दिली. रनिमीडनंतर अवघ्या सात वर्षांनी. त्यातही राजाच्या सेवकवर्गाला, म्हणजे छोट्या उमरावांना, आधी बोलावून निवाडा केल्याशिवाय पकडायचं नाही असं कलम आहे. शेवटच्या कलमात तर राजाने वचन मोडलं तर त्याला विरोध करण्याचा हक्क दिला आहे, आणि तो राजद्रोह मानला जाणार नाही असंही म्हटलंय. इंग्लंडात असं कलम दीड वर्षाच्या आत गेलं, हंगेरीत ते १६८७ पर्यंत टिकलं. त्याच्या आधी, ११८८ ला, स्पेनमधल्या लिओनच्या नवव्या अल्फोन्सोने सभेसमोर अशीच वचनं दिली होती. पोलंडच्या राजाने १४३० ते १४३३ च्या दरम्यान कबूल केलं की न्यायालयाच्या निकालाशिवाय जमीनदार उमरावाला अटक करणार नाही.

मग हंगेरी-पोलंडात सामान्य शेतकऱ्याचं काय झालं? पुढच्या शतकांत त्याची वेठबिगार उलट वाढली. सनद तिथे उमरावांचीच राहिली, आणि राजा जितका दुबळा झाला तितका शेतकऱ्याचा मालक बलवान झाला. म्हणजे राजसत्तेला लगाम घातला की खालच्यांना हक्क मिळतातच असं नाही. कधी कधी राजा हाच त्यांचा एकमेव आसरा असतो. @दप्तरदार, याचं उत्तर तुमच्या मांडणीत मला दिसत नाही.

फोर्टातला वकील

उत्तर कोर्टात आहे. सगळे कलम ३९ वर अडकता, पण वकिलाला विचाराल तर १७, १८ आणि ३८ वाचा. दिवाणी दावे राजाच्या लवाजम्यामागे फिरणार नाहीत, ठरल्या जागी चालतील. न्यायाधीश वर्षातून चारदा प्रत्येक परगण्यात जातील. आणि विश्वासार्ह साक्षीदार असल्याशिवाय कोणाही अधिकाऱ्याने नुसत्या आपल्या शब्दावर माणसाला खटल्यात ओढू नये. रुक्ष वाटतं ना? पण हक्क म्हणजे शेवटी तारीख, जागा आणि पुरावा. हंगेरीच्या सनदेमागे अशी रोज चालणारी, राजाच्या नावाने पण नियमाने चालणारी न्यायालयं उभी नव्हती. इंग्लंडात होती, म्हणून वाक्यं जिवंत राहिली आणि त्यांचा अर्थ पसरत गेला. १३५४ च्या कायद्यात 'स्वतंत्र माणूस' जाऊन 'कोणत्याही दर्जाचा वा स्थितीचा माणूस' आला. १६२७ ला पहिल्या चार्ल्सने सक्तीचं कर्ज नाकारणाऱ्या पाच नाइटांना कारण न देता कोंडलं, तेव्हा त्यांचे वकील याच सनदेवर उभे राहिले. हरले ते. पण पुढच्याच वर्षी एडवर्ड कोक आणि मंडळींनी संसदेतून हक्कांचा अर्ज राजाच्या गळी उतरवला आणि १६७९ ला हेबियस कॉर्पसचा, म्हणजे कोंडलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करण्याच्या हुकुमाचा, कायदा आला.

आपल्या इथली गोष्ट सांगतो. १८२८ मध्ये मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने पुण्यातल्या मोरो रघुनाथ नावाच्या अल्पवयीन मुलाला हजर करा म्हणून हेबियस कॉर्पस काढला. तो पांडुरंग रामचंद्र या नातलगाच्या ताब्यात होता. गव्हर्नर जॉन माल्कमने सांगितलं, हुकूम बजावू देणार नाही, दख्खनच्या सरदारांवर या कोर्टाचा अधिकार नाही. दोन न्यायाधीश त्याच वर्षी वारले होते, उरलेल्या जॉन पीटर ग्रँटने १८२९ ला सरळ कोर्टच बंद केलं. सरकार आदेश पाळणार नसेल तर न्याय कसा चालवू, असं त्याचं म्हणणं. शेवटी लंडनला प्रिव्ही कौन्सिलने निकाल कोर्टाच्या विरुद्ध दिला: मुंबई बेटाबाहेरच्या अशा माणसांवर हा अधिकार चालत नाही.

बघा, सनद तीच, कायदा तोच, आणि पुण्याच्या पोराला तो लागू नाही. तरीही ग्रँट अडून बसला याचं मला फार मोल वाटतं. आज कोल्हापूरचा की गडचिरोलीचा माणूस राज्यघटनेच्या कलम २२६ खाली हायकोर्टात जाऊन 'माझ्या भावाला हजर करा' म्हणू शकतो.

माळरान

वकीलसाहेब, मोरो रघुनाथाचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. हक्काची हद्द कुठे संपते हे नेहमी वरचेच ठरवतात.

आणि दप्तरदारांच्या घासाघिशीला माझी खरी हरकत इथे आहे. १२९० आठवा. त्याच पहिल्या एडवर्डला पैसे हवे होते. संसदेने भलामोठा कर मंजूर केला आणि त्या देवघेवीत ज्यूंना देशाबाहेर काढण्याचा हुकूम निघाला. यंत्र तेच, तुम्ही वर्णन केलंत तसंच: राजाला पैसा, बदल्यात मागणी मान्य. सौद्यातून न्याय मिळतो तसा अन्यायही मिळतो, कारण सौद्याच्या खोलीत कोण बसलंय त्यावर सगळं ठरतं.

दुसरं १३८१. शेतकऱ्यांचं बंड झालं. १४ जूनला माईल एंडला लोकांनी दुसऱ्या रिचर्डकडे काय मागितलं? सनदच. भूदासपण संपवा आणि लिहून द्या. राजाचे कारकून बसून सनदा लिहू लागले, लोक त्या घेऊन गावोगाव गेले. २ जुलैला राजाने सगळ्या रद्द केल्या. नोव्हेंबरात संसद भरली, तीच संसद जी म्हणे मोठ्या सनदेतून वाढली. तिने रद्द करण्याला पाठिंबा दिला. कारण दिलं की आमचे भूदास आमच्या संमतीशिवाय मोकळे करता येत नाहीत. संमतीचं तत्त्व! राजाविरुद्ध घासून धारदार केलेलं तत्त्व शेतकऱ्याच्या मानेवर चाललं.

दप्तरदार

१२९० चा मुद्दा मला सगळ्यात जड गेला. त्याला माझ्याकडे सफाई नाही, आणि द्यावीशीही वाटत नाही. ज्यू समाज राजाची मालमत्ता समजला जायचा, सनदेच्या कलम १० आणि ११ मध्ये तो येतो तोही फक्त कर्ज देणारा म्हणून. सौद्यात त्यांच्या बाजूने बोलणारं कोणी नव्हतं.

१३८१ वर मात्र मी हटणार नाही. माईल एंडच्या सनदा अठरा दिवसांत रद्द झाल्या, कारण त्या शेतकऱ्यांकडे राजाला पुन्हा लागेल असं काही नव्हतं. जमाव पांगला की त्यांचा जोर संपला. १२२५ वाल्यांचा जोर दर काही वर्षांनी परत येत होता, कारण राजाला दर काही वर्षांनी कर लागत होता. भूदासपण पुढे संपलं तेही असंच. प्लेगने माणसं मेली, मजूर मिळेनात, मालकाला नांगर धरणारा हात हवा होता, आणि शेतकऱ्याने तेव्हा आपल्या अटी घातल्या. त्या अटी मालकाच्या दप्तरात नोंदल्या जाऊ लागल्या, आणि पुढच्या शतकात राजाची कोर्टंही त्या नोंदींना मान देऊ लागली.

तुम्ही विचारता, खोलीत कोण बसलंय? प्रश्न बरोबरच आहे. माझं म्हणणं, खोलीत शिरायला काहीतरी हातात लागतं. ते नसताना मिळालेली सनद राजा परत घेतो.

माळरान

आणि ज्याच्या हातात काहीच नाही, त्याचं काय? १२९० मधल्या ज्यू कुटुंबाकडे राजाने आधीच करांतून सगळं पिळून घेतलं होतं. तुमच्या हिशेबात त्यांना हक्क कधीच मिळणार नव्हते. कलम ३९ मला हवंय ते नेमकं अशांसाठी, ज्यांच्याकडे द्यायला काही उरलेलं नाही. ते लिहिलं गेलं सरदारांसाठी, हे माहीत असूनही.