आईच्या दाराची बेल वाजते सांगलीत, बोलतो मी पुण्यातून. चुकतंय का?

कृष्णाकाठ
आई सांगलीत, विश्रामबागेत, दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते. वय ७४. गुडघे दुखतात, त्यामुळे बेल वाजल्यापासून दारापर्यंत पोचायला तिला वेळ लागतो. तोवर बाहेरचा माणूस आणखी दोनदा बटण दाबतो आणि ती घाईनं उठते. मला भीती त्या घाईची. दुसरं कारण गेल्या मार्गशीर्षातलं. दोघं जण 'पितळी भांडी, दागिने उजळून देतो' म्हणत जिना चढून आले. आईनं जाळीच्या दाराची कडी काढलीसुद्धा होती. समोरच्या काकूंनी त्यांच्या दारातून आवाज दिला, "बाई, आत व्हा, कडी लावा." तेव्हा ते दोघं खाली पळाले. फोनवर हे ऐकलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

पाडव्याला आलो तेव्हा व्हिडिओ बेल बसवली. बटण दाबलं की बाहेरचा माणूस फोनवर दिसतो आणि त्याच्याशी बोलता येतं. बॅटरीवरची घेतली, कारण आमच्या जुन्या डिंगडाँग बेलची वायर थेट २३० व्होल्टची आणि वायरवर चालणाऱ्या पुष्कळ व्हिडिओ बेलना १६ ते २४ व्होल्ट लागतात. अख्खी दुपार गेली. ग्रॅनाइटच्या चौकटीला भोक पाडायचं धाडस होईना, म्हणून बाजूच्या भिंतीवर चार फुटांवर पट्टी ठोकली. मग बेल वायफायला जोडली जाईना. तासाभरानं कळलं की ती वायफायच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या बँडवर चालते आणि आमच्या राउटरवर २.४ आणि ५ या दोन्ही बँडना एकच नाव आहे. नावं वेगळी केली, लगेच जोडली गेली. रात्री पाहतो तर बाजूची भिंत पांढरीफक आणि माणसाचा चेहरा काळा. अंधारात दिसावं म्हणून कॅमेरा सोडतो तो इन्फ्रारेड उजेड जवळच्या भिंतीवर आपटून परत येत होता. सोबत मिळालेली तिरकी पट्टी खाली घातली, बेलचं तोंड भिंतीपासून वळलं आणि चेहरे दिसायला लागले.

आता तीन महिने झाले. दूधवाला, कुरिअर, सिलिंडरवाला, कुणीही आला की मी पुण्यातून बोलतो, "थांबा, आई येतीये, परत बेल मारू नका." आईची घाई थांबली. माझं मत पक्कं आहे: एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या दाराला ही बेल हवीच. माझी बहीण मात्र म्हणते, "दादा, तू आईचं दार तिच्याकडून काढून घेतलंस." तुम्हाला काय वाटतं?

गावभागातली
मी तुमच्या बहिणीच्या बाजूनं.

तुम्ही लिहिलंय त्यात आई कुठंच बोलत नाही. बेल हवी का, हे तिला विचारलं होतं का? तिच्या दारात माणूस उभा राहतो आणि त्याच्याशी बोलणं सुरू करतो तो पुण्यातला मुलगा. आज दूधवाल्याला कळलंय की या घरात उत्तर देणारा माणूस वेगळा आहे. उद्या पैसे बुडाले, दूध पातळ आलं, तर तो आईशी बोलेल की भिंतीवरच्या डबीशी?

माझ्या सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. आमचं घर जुनं, दिंडी दरवाजा, ओसरी. कोण आलंय हे त्या पायरीवरच्या चपलांच्या आवाजावरून सांगतात. भाजीवालीला बसवतात, पाणी देतात, भाव करतात. दिवसभरात त्यांच्याशी बोलणारी माणसं म्हणजे दारात येणारी ही चारपाच. कुणाला उंबऱ्याच्या आत घ्यायचं, कुणाला बाहेरूनच वाटेला लावायचं, हे त्या पन्नास वर्षं ठरवत आल्या. पाय थकले म्हणून हा अधिकार संपत नाही.

आणि दादा, त्या दोन भामट्यांना पळवलं कुणी? समोरच्या काकूंनी. त्याच काकूंच्या दारावर आज तुमचा कॅमेरा रोखलेला आहे. त्यांना विचारलंत?

रात्रपाळी
मी मिरजेत नर्स आहे, एकटी राहते, आणि मला हा अधिकार वगैरे शब्द वापरायला सवड नसते. रात्रपाळी करून सकाळी आठला येते, झोपते, आणि अकराला कुणीतरी दार धडधडवतं. सेफ्टी दरवाज्याच्या जाळीतून बघायचं तर आधी आतलं दार उघडावं लागतं. म्हणजे मी त्याला दिसणार आणि मग तो मला. वर्षभरापूर्वी एक माणूस 'गॅस तपासणी' म्हणून आला, ओळखपत्र मागितल्यावर शिव्या देऊन गेला. त्याच आठवड्यात मी बेल घेतली. आता पलंगावरून बघते. अनोळखी असेल तर तिथूनच विचारते, काय काम आहे.

या बेलचं मूळ ज्या कल्पनेत आहे तीही एका नर्सचीच. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातली मारी व्हॅन ब्रिटन ब्राउन. तिची पाळी वेळीअवेळी, नवरा इलेक्ट्रॉनिक्सचं काम करणारा, तोही रात्री घरी नसायचा. दारातल्या वेगवेगळ्या उंचीच्या भोकांसमोर वरखाली सरकणारा कॅमेरा, आत टीव्हीचा पडदा, बाहेरच्याशी बोलायची सोय आणि आतूनच कडी काढायचं बटण, अशी रचना दोघांनी केली. १९६६ ला अर्ज केला, २ डिसेंबर १९६९ ला पेटंट मिळालं. पडदा तिच्या खोलीत होता आणि बटण तिच्या हातात.

गावभागातली ताई, तुमच्या सासूबाईंच्या ओसरीवर तुम्ही आहात. ज्यांच्या ओसरीवर कुणी नाही, त्यांना चपलांचा आवाज पुरत नाही.

गावभागातली
ताई, तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य. तुमची बेल तुम्ही बघता. माझं भांडण त्या बेलशी आहे जी घरातल्या माणसाला सोडून तिसऱ्याच्या फोनवर वाजते.

समोरच्या_दारातला
मी त्या काकूंच्या जागी आहे, म्हणून लिहितो.

आमच्या मजल्यावर दोन दारं, मध्ये सहा फूट जागा. समोरच्यांनी बेल बसवली तेव्हा सांगितलं नाही. माझं दार उघडलं की त्यांच्या बेलचा दिवा लागतो. माझी मुलगी पहाटे पळायला जाते तेव्हा लागतो. बायकोला बरं नव्हतं, रात्री डॉक्टरांकडे नेलं, तेव्हाही लागला. सकाळी समोरचे जिन्यात भेटले आणि म्हणाले, "काल रात्री फार उशीर झाला तुम्हाला?" माणूस वाईट नाही, काळजीनंच विचारलं असेल. पण त्या दिवसापासून मी स्वतःच्या दारातून बाहेर पडताना अंग चोरतो. बायको दारात उभी राहून माझ्याशी दोन शब्द बोलायची, ते बंद झालं. आवाजसुद्धा जातो म्हणते.

हे चित्रण शेवटी जातं कुठं, हाही प्रश्न आहे. मे २०२३ मध्ये ग्राहकांचं हित बघणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं रिंग या बेल आणि कॅमेरे बनवणाऱ्या कंपनीवर ठपका ठेवला की कर्मचाऱ्यांना ग्राहकांची खासगी चित्रणं पाहता येत होती. ५८ लाख डॉलर भरायचं कबूल करून ते प्रकरण मिटलं. ते ग्राहक तरी स्वतः पैसे देऊन कॅमेरा लावणारे होते. माझं काय? मी ती बेल विकतही घेतली नाही.

वायरमन_मिरज
मी या बेली बसवतो म्हणून चार गोष्टी सांगतो, कोण बरोबर ते तुमचं तुम्ही बगा.

पहिली म्हंजे, बेल राउटरवर जगते. लाईट गेली, राउटर बंद, की पुण्यात काहीच कळणार नाही. बेलीची बॅटरी फुल्ल असून उपयोग न्हाई. राउटरला छोटा यूपीएस लावा. सोबतची आतली डिंगडाँग डबी पण बघून घ्या, काही कंपन्यांची वायफाय गेलं तरी वाजते, काहींची वाजत न्हाई. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला तीच लागते.

बॅटरीची बेल माणूस ओळखते ती अंगाच्या उष्णतेवरनं. मागची भिंत आणि माणूस यांच्या तापमानात फरक असला की सेन्सर जागा होतो. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये दुपारी चाळीसला टेकतं, भिंत तापलेली असते, तेव्हा तो चुकतो. मग लोकं सेन्सर वाढवून ठेवतात आणि थंडीत समोरचं कुत्रं हललं तरी फोन वाजतो. दर ऋतूला बदलायचं असतं ते.

मेमरी कार्ड बेलीतच असलं तर चोर बेलीसकट कार्ड नेतो. आतल्या डबीत कार्ड असलेली घ्या.

आणि समोरच्या दाराचं म्हणाल तर बऱ्याच ॲपमध्ये चित्राचा भाग झाकायची सोय असते. समोरचं दार बोटानं चौकोन ओढून काळं करायचं. हलचाल ओळखायचा टप्पा पण आपल्या पायपुसण्यापुरता ठेवता येतो. दोन मिनिटांचं काम हाय. मी दर वेळी इचारतो, दहातले आठ गिऱ्हाईक म्हणतात, राहू द्या की, दिसतंय ते बरंच हाय.

सांगलीवाडीचा
ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. आम्ही अंगावरच्या कपड्यानिशी बाहेर पडलो. आठवडाभर नातेवाइकांकडे बसून एकच विचार, घराचं दार शाबूत असेल ना. तेव्हा असं काही असतं तर मी कितीही पैसे मोजले असते. माझा पूर्ण पाठिंबा.

वायरमन_मिरज
दादा, पुरात पहिल्यांदा लाईट बंद करतात. राउटर गेलं की बेल आंधळी. दुसरं काय वाट्टेल ते सांगून इकंन, पण पुरासाठी म्हणून तुम्हाला इकणार न्हाई.

तासगावची_वकील
कायद्याचा मुद्दा कुणी काढलेला नाही, म्हणून लिहिते. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, व्यक्तीनं स्वतःच्या किंवा घरगुती कामासाठी वापरलेल्या माहितीला लागू होत नाही. कलम ३ मध्येच तसं म्हटलं आहे. त्यामुळे 'त्या कायद्याखाली शेजाऱ्याला धडा शिकवतो' हे सहसा जमत नाही. पण जिना आणि दारासमोरची जागा सोसायटीची सामाईक असते. तिथं रोखलेल्या कॅमेऱ्याबद्दल सोसायटीला बोलण्याचा हक्क आहे. बसवण्याआधी लेखी कळवावं हे मी प्रत्येक अशिलाला सांगते.

न्यायालयं कुठल्या दिशेनं विचार करतात तेही सांगते. एकाच घरात राहणाऱ्या भावाभावांच्या वादात, दुसऱ्याच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे चालवू नयेत, असं कलकत्ता उच्च न्यायालयानं २०२५ मध्ये म्हटलं आणि सर्वोच्च न्यायालयानं ते बदललं नाही. इंग्लंडात ऑक्सफर्डच्या न्यायालयानं २०२१ मध्ये शेजाऱ्याच्या बेल आणि कॅमेऱ्यांविरुद्ध तक्रार करणाऱ्या बाईच्या बाजूनं निकाल दिला. तिथं चित्रापेक्षा या यंत्रांनी दूरवरून टिपलेला आवाज न्यायाधीशांना जास्त गंभीर वाटला. तिथला कायदा वेगळा आहे, पण समोरच्या दारातल्या दादांची बायको जे म्हणते तेच हे आहे.

आणखी एक. चोरी झाली आणि चित्रण पुरावा म्हणून द्यायचं असेल, तर नुसतं मोबाइलवरून मोबाइलवर पाठवून भागत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. म्हणून मूळ कार्ड जपून ठेवा.

समोरच्या_दारातला
वकीलताई, आभारी आहे. पण सोसायटीत तक्रार दिली की समोरच्यांशी बोलणं संपलं. बावीस वर्षं एकमेकांकडे किल्ल्या ठेवतो आम्ही. मला अर्ज करायचा नाही. त्यांनी बसवायच्या आदल्या दिवशी दार वाजवून "असं असं लावतोय, तुम्हाला चालेल का" एवढं विचारलं असतं, तर मी स्वतः शिडी धरली असती.

रात्रपाळी
हे वाचून आज मी माझ्या समोरच्या आजींना मोबाइल दाखवला. त्यांचं अर्धं दार दिसत होतं. त्यांच्यासमोरच झाकलं. मी एवढे दिवस विचारलं नाही, हे माझं चुकलं. बेल मात्र काढणार नाही.

कृष्णाकाठ
सगळं वाचलं. कालपासून सांगलीत आहे, हे सगळे प्रतिसाद आईला वाचून दाखवले. ती शाळेत शिकवायची, मधे न बोलता शेवटपर्यंत ऐकते. मग म्हणाली, "मला बेल हवी आहे. रात्री कोण आलंय ते दिसतं, मला बरं वाटतं. पण तू बोललास की माणसं भिंतीवरच्या बेलकडे बघून बोलतात आणि मी दार उघडेपर्यंत निघून जातात. परवा कुरिअरवाल्याला तू 'खाली ठेवून जा' म्हणालास. तो पोरगा रोज माझ्याकडे पाणी पितो."

हे मला माहीत नव्हतं. तीन महिन्यांत मी तिला विचारलं नव्हतं, गावभागातली ताईंनी बरोबर ठिकाणी बोट ठेवलं.

आता जुना टॅबलेट तिच्या खुर्चीजवळ उभा करून ठेवलाय, बेल वाजली की पडद्यावर माणूस दिसतो आणि ती बसल्या जागेवरून "आले, आले" म्हणते. माझ्या फोनवर दिवसाच्या सूचना बंद. रात्री दहा ते सकाळी सहा चालू, तेही तिनं सांगितलं म्हणून. आवाज साठवणं बंद केलं. राउटरच्या यूपीएसचं मिरजेत सांगितलंय, उद्या मिळेल.

तरी मी माझ्या मुद्द्यावरून पूर्ण हटलेलो नाही. ती पडली तर मला कळायला हवं, आणि त्यासाठी ही बेल पुरेशी नाही हेही आता दिसतंय. त्यावर वेगळं विचारीन.

समोरच्या काकूंकडे संध्याकाळी जाऊन आलो. त्यांचं दार चित्रात पूर्ण येत होतं, आतला देव्हारासुद्धा. मला फार वाईट वाटलं. चौकोन ओढून दार काळं केलं, त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून नीट बघितलं आणि म्हणाल्या, "आणि तुझ्या आईचं दार मला दिसतंय तसंच राहणार ना?"

गावभागातली
काकूंना माझा नमस्कार सांगा. कुरिअरवाल्या पोराचं काय ठरलं?

कृष्णाकाठ
सांगतो. त्याच्यासाठी तांब्या-भांडं दाराशेजारच्या स्टुलावर भरून ठेवलंय, आईनं स्वतः.