जॉन्सन अँड वेल्स, प्रॉव्हिडन्स : मुलीला कलिनरीच्या पदवीसाठी पाठवावं का?

सांगलीकर_बाबा

नमस्कार मंडळी. मुलगी यंदा बारावी सायन्स झाली. मार्क चांगले आहेत, पण इंजिनिअरिंगला जायचं नाही हे तिनं दहावीतच सांगून टाकलं होतं. तिला शेफ व्हायचंय. गेल्या लग्नसराईत ओळखीच्या एका केटररकडे पहाटे चारला उठून जायची, म्हणजे ही नुसती हौस नाही एवढं मलाही कळलंय.

एका कन्सल्टंटने अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडच्या जॉन्सन अँड वेल्स युनिव्हर्सिटीचं नाव सुचवलंय. कलिनरीची, म्हणजे पाककलेची, चार वर्षांची पदवी, नंतर नोकरी नक्की, आणि थंडी नको असेल तर मायामीचा कॅम्पस घ्या म्हणाला. पैसे उभे करायचे तर घर तारण ठेवावं लागेल. त्यात आम्ही पक्के शाकाहारी. माझी आई रोज विचारते, "स्वयंपाक शिकायला एवढ्या लांब कशाला?" तिला काय उत्तर द्यावं ते खरंच सुचत नाही. तिथं शिकलेलं कुणी असेल तर स्पष्ट सांगा.

मुग्धा_बॉस्टन

काका, मी तिथलीच. मूळची कुडाळची. प्रॉव्हिडन्सच्या हार्बरसाइड कॅम्पसमधून कलिनरीची पदवी घेतली, आता बॉस्टनच्या एका हॉटेलात बँक्वेट किचनला, म्हणजे मोठ्या मेजवान्यांच्या किचनला, सू-शेफ (मुख्य शेफच्या हाताखालची) आहे.

आधी मायामीचं. नॉर्थ मायामी आणि डेन्व्हर हे दोन्ही कॅम्पस 2021 मध्येच बंद झाले. आता प्रॉव्हिडन्स आणि नॉर्थ कॅरोलायनातलं शार्लट, एवढे दोनच. ज्याला हे ठाऊक नाही त्या कन्सल्टंटला एक रुपया देऊ नका.

कॉलेज मात्र पक्कं आहे. गर्ट्रूड जॉन्सन आणि मेरी वेल्स या दोन शिक्षिकांनी 1914 मध्ये ते सुरू केलं. तेव्हा स्वयंपाकाचा संबंधच नव्हता, टायपिंग वगैरे शिकवणारी बिझनेस स्कूल होती. एक विद्यार्थी आणि एक टाइपरायटर एवढ्यावर सुरुवात झाली असं तिथं सांगतात. कलिनरी आलं 1973 मध्ये. ते मूळ अजून जाणवतं. शेफ व्हायला आलेल्या पोरांनाही फूड कॉस्ट काढणं, मेन्यूचे दर बसवणं, माणसं सांभाळणं हे सगळं करावं लागतं. मला आज पगार मिळतो तो निम्मा त्याच शिक्षणावर. अमेरिकेतला प्रसिद्ध टीव्ही शेफ एमेरिल लगासे तिथलाच, 1978 चा. प्रॉव्हिडन्सजवळच्या फॉल रिव्हर गावचा मुलगा. संगीताची पूर्ण शिष्यवृत्ती सोडून तो इथं आला होता.

आता आजींचा प्रश्न. त्यांना सांगा, घरी आपण चव शिकतो, तिथं तीच चव दोनशे ताटांना एकसारखी आणि कुणाला न बाधता कशी द्यायची ते शिकवतात. एकच उदाहरण देते. स्टॉक, म्हणजे हाडं आणि भाज्या उकळून काढलेलं पाणी, तयार झाला की खरं काम पुढे असतं. 57 अंशांवरून 21 अंशांवर दोन तासांत आणि तिथून 5 अंशांवर पुढच्या चार तासांत आणायचा, कारण मधल्या तापमानातच जिवाणू झपाट्याने वाढतात. मोठं पातेलं नुसतं फ्रिजमध्ये ढकललं तर मधला भाग तासन् तास कोमट राहतो. म्हणून भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवायचं, आत बर्फ भरलेली प्लॅस्टिकची जाड कांडी फिरवायची, थर्मामीटर लावायचा, वेळ आणि आकडा वहीत लिहायचा. आकडा चुकला तर सगळा स्टॉक सिंकमध्ये. पहिल्यांदा असा स्टॉक ओतून देताना जीव तुटतो, कोकणातल्या मुलीचा तर जास्तच. पण आज माझ्या किचनमधून पाचशे माणसांचं जेवण जातं तेव्हा मी रात्री निवांत झोपते, ती याच सवयीमुळे.

सुरीचंही तसंच. ब्रुन्वाझ म्हणजे गाजराचे तीन मिलिमीटरचे चौकोनी तुकडे. सगळे एकसारखे झाले तरच एकसारखे शिजतात. आमचे शेफ पट्टी घेऊन मोजायचे. उरलेली टोकं फेकायची नाहीत, ती स्टॉकला.

शाकाहाराबद्दल. मांस कापावं लागतं, हाडं भाजावी लागतात, त्यातून सुटका नाही. मी बीफ खात नाही. पहिल्याच दिवशी शेफना तसं सांगितलं, त्यांनी खायला कधी लावलं नाही. शेजारच्या मुलीकडून मी मिठाचा अंदाज घ्यायचे. पण ज्या पदार्थाची चव आपण घेत नाही तो शिकताना आपण अर्धेच शिकतो, हे मी नाकारणार नाही. मुलीला स्वतःलाच ठरवू द्या, तिच्या वतीने तुम्ही नको.

आता पैसे, आणि इथं जरा थांबून वाचा. नुसती ट्यूशन वर्षाला चाळीस हजार डॉलरच्या आसपास जाते, राहणं-खाणं वेगळं. स्कॉलरशिप मिळते, पण ती वजा करूनही रक्कम मोठीच राहते. एफ-वन व्हिसावर शिकताना सेमिस्टर चालू असेपर्यंत आठवड्याला वीस तासच काम करता येतं, तेही कॅम्पसवर. पदवीनंतर ओपीटी म्हणून, म्हणजे शिकलेल्या विषयात काम करायला, बारा महिने मिळतात. इंजिनिअरिंगच्या मुलांना त्यावर आणखी 24 महिने मिळतात ते स्टेममुळे (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित हे विषय), कलिनरी त्यात बसत नाही. त्या बारा महिन्यांत नव्वद दिवसांहून जास्त बेकार राहिलात तर तेही हातचं जातं. आणि लाइन कुकसाठी, म्हणजे किचनमधल्या साध्या कुकसाठी, एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा मिळणं फार म्हणजे फारच अवघड. मी इथं टिकले ती नवऱ्याच्या व्हिसामुळे मला वर्क परमिट मिळालं म्हणून, पदवीच्या जोरावर नाही. माझ्या बॅचच्या भारतीय मुलांपैकी बरेच जण परत गेले. काही जण क्रूझवर गेले, काही दुबईला. कामात सगळे उत्तम आहेत, पण डॉलरमधलं कर्ज रुपयाच्या पगारातून फेडताना त्यांची जी ओढाताण होते ती मी जवळून बघतेय.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. घर तारण ठेवून बारावीनंतर लगेच पाठवू नका. कॉलेज वाईट म्हणून नाही. एक वर्षाच्या ओपीटीवर एवढं कर्ज फिटत नाही म्हणून.

दादरचा_बल्लव

मुग्धाताईंशी शंभर टक्के सहमत. काका, आपल्याकडे आयएचएम, म्हणजे हॉटेल मॅनेजमेंटची सरकारी कॉलेजं, आहेत की. दादरचं कॉलेज 1954 चं, लीलावती मुनशींच्या पुढाकाराने उभं राहिलं. मी तिथलाच. एनसीएचएम जेईई ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, फी अमेरिकेच्या मानाने काहीच नाही. हॉटेलातलं इंडस्ट्रियल ट्रेनिंग अभ्यासक्रमातच आहे, त्यात पायांचं पार भरीत होतं, पण तिथंच कळतं आपण टिकणार की नाही. अमेरिका बघायची असेल तर नंतर जे-वन व्हिसावर ट्रेनी म्हणून हॉटेलात बारा महिन्यांपर्यंत जाता येतं, आणि तिथं आपण कॉलेजची फी देत नाही, पगार घेतो. शाकाहाराचं म्हणाल तर 2016 मध्ये अहमदाबाद, भोपाळ आणि जयपूरच्या आयएचएममध्ये शाकाहारी पर्याय सुरू झाला होता. तो आता कसा आहे ते प्रवेशाआधी थेट कॉलेजला फोन करून विचारा.

सांगलीकर_बाबा

दोघांचेही मनापासून आभार. मुलीने सगळं वाचलं. ती म्हणते मांस कापायला तयार आहे, चवही घेईन, आजीला मी समजावते. मला आत्ता कळतंय की मीच जास्त घाबरलो होतो. तिचा प्रश्न आहे, आयएचएम करून नंतर जॉन्सन अँड वेल्सला जाण्यात अर्थ आहे का? आणि प्रवेशापर्यंत काय करू?

मुग्धा_बॉस्टन

शाब्बास पोरी! अर्थ आहे, पण तेव्हा नुसतं कुकिंग घेऊ नकोस. हॉटेल चालवायचं, बँक्वेट विकायचं, नवीन उत्पादन बाजारात आणायचं, अशा व्यवस्थापनाच्या बाजूला बघ. कॉलेजची मुळं बिझनेसचीच आहेत, तिथं ते जोरदार आहेत, आणि व्हिसासाठीही त्या कामांचा मुद्दा मांडायला थोडी जास्त जागा असते. आधीच्या शिक्षणाचे किती क्रेडिट धरतील ते अर्ज करतानाच लेखी मागून घे. आय-ट्वेंटीवरचा (व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद) एकूण खर्चाचा आकडा आणि स्कॉलरशिप चारही वर्षं चालू राहणार का, हेही लेखी.

तोवर त्याच केटररकडे जा, फक्त यावेळी बाजारहाट आणि हिशोबाला बस. किती किलो आणले, सोलून किती उरले, किती ताटं निघाली, ते रोज लिहीत जा. एक प्रोब थर्मामीटर (अन्नात खुपसायचा) घे आणि भात, वरण, पनीर वाढायच्या वेळी किती अंशांवर आहे ते मोज. आणि पाय सांभाळ, चांगले न घसरणारे बूट आधी घे, सुऱ्या नंतर. काही अडलं तर इथंच लिही, रविवारी मला सुट्टी नसते पण सोमवारी नक्की बघते.